‘एलवाय’ दिसला की अ‍ॅडव्हर्ब?

माझ्याकडे शिकवणीला येणारी आठवी-नववीची मराठी माध्यमाची मुलं एक सूत्र पाठ करूनच येतात: शब्दाच्या शेवटी ‘एलवाय’ दिसला की अ‍ॅडव्हर्ब. मग फ्रेंडली, लव्हली, काउअर्डली ही सगळी विशेषणं क्रियाविशेषणांच्या रकान्यात जाऊन बसतात. हे सूत्र मी पहिल्याच आठवड्यात मोडायला लावते.

शेपूट काढा आणि उरलेला शब्द बघा, एवढंच सांगते. क्विक, स्लो, ब्रेव्ह ही विशेषणं. त्यांना ‘ली’ लागला की बहुतेक वेळा क्रियाविशेषण होतं. फ्रेंड, काउअर्ड ही नामं. त्यांना लागला की विशेषण. जुन्या इंग्रजीत विशेषणाचा प्रत्यय ‘लीच’ होता आणि क्रियाविशेषणाचा ‘लीचे’. शेवटचे उच्चार झिजत गेले आणि दोन्हींचं ‘ली’ झालं. फास्ट आणि हार्ड यांचंही तसंच. क्रियाविशेषण असताना त्यांच्या शेवटी एक स्वर होता, तो गळाला, म्हणून आज ‘अ फास्ट ट्रेन’ आणि ‘ही रन्स फास्ट’ दोन्हीकडे फास्ट तोच. मुलांना हे कळलं की इंग्रजी लहरी वाटेनाशी होते, आणि मला तेच हवं असतं.

‘ही प्लेज गुड’ मात्र वेगळ्या वाटेने येतं. आपण म्हणतो, तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते. कसं खेळतो ते सांगणारा ‘चांगला’सारखा शब्दसुद्धा मराठीत कर्त्याचं लिंग पाळतो. घरात असं बोलणाऱ्या मुलाने वेल सोडून गुड लिहिलं, तर तो निष्काळजीपणा नव्हे. त्यावर लाल गोल करून पुढे जाणं मला पटत नाही. मी दोन्ही भाषांतली वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिते आणि मुलांनाच फरक शोधायला सांगते.

खरी गंमत पुढे आहे. क्रियापदानंतर क्रियाविशेषणच येणार, असं पक्कं झालं की ‘द टी स्मेल्स गुड’ मुलांना चुकीचं वाटू लागतं. पण चहा काही वास घेत नाहीये. गुड हा चहाचा गुण आहे. अशा ठिकाणी क्रियापदाच्या जागी इज किंवा वॉज घालून बघायचं. ‘शी लुक्ड अँग्री’ऐवजी ‘शी वॉज अँग्री’ चालतं, म्हणजे विशेषण. ‘शी लुक्ड अँग्रिली अ‍ॅट मी’ मध्ये वॉज बसतच नाही. तिथे तिने खरोखर रागाने पाहिलं आहे.

हार्डलीला मी एक पूर्ण तास देते. कुणीतरी मनापासून लिहितं, ‘आय स्टडिड हार्डली’. सांगायचं असतं, खूप अभ्यास केला. त्यासाठी नुसतं हार्ड पुरे. ‘आय हार्डली स्टडिड’ म्हटलं तर अर्थ होतो, अभ्यास जवळजवळ केलाच नाही. लेट आणि लेटली ही जोडी त्याच तासात उरकते, कारण तोवर मुलं स्वतःच विचारू लागतात, बाई, लेटली म्हणजे उशिरा नाही ना?