एकाच माशावरून नवी जात कशी ठरते?

कोल्हापुरातल्या महाविद्यालयांत खोल समुद्रातील जीवांविषयी बोलायला गेलो की एक प्रश्न हमखास विचारला जातो: मेक्सिकोच्या आखातातल्या पॉकेट शार्कचा एकच नमुना हाती असताना त्याला नवी जात कशी ठरवली? प्रश्न रास्त आहे.

मॉलिस्क्वामा या पॉकेट शार्कच्या वंशातला पहिला मासा १९७९ मध्ये पूर्व प्रशांत महासागरात, नाझ्का या समुद्राखालच्या पर्वतरांगेवर सापडला. ती सुमारे ४० सेंटिमीटर लांबीची मादी होती. दुसरा २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात, स्पर्म व्हेलच्या खाद्याचा अभ्यास करणाऱ्या जहाजाच्या जाळ्यात आला. जेमतेम १४ सेंटिमीटरचे हे नर पिल्लू इतर मासळीबरोबर गोठवलेले राहिले आणि २०१३ मध्ये नमुने तपासताना अमेरिकी मत्स्य-अभ्यासक मार्क ग्रेस यांच्या नजरेस पडले.

रत्नागिरीहून बाजारात येणारी एखादी मुशी मी मुलांपुढे ठेवतो, कल्ल्यांच्या पाच फटी दाखवतो आणि त्यांच्या मागचा पर बोटाने उचलतो. मुशीला तिथे नुसती खरखरीत कातडी असते. पॉकेट शार्कला नेमक्या त्याच जागी, दोन्ही बाजूंना, खिशासारखी ग्रंथी असते आणि तिच्यातून प्रकाशमान द्रव बाहेर पडत असावा, असे अभ्यासक मानतात.

असा दुर्मीळ मासा चिरून पाहणे म्हणजे तो गमावणे, म्हणून त्याचे सीटी स्कॅन झाले आणि फ्रान्समधील ग्रनोबल येथील सिंक्रोट्रॉन या अतिशय तीव्र क्ष-किरण निर्माण करणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने त्याच्या अंतरंगाच्या बारीक प्रतिमा घेतल्या गेल्या. पहिल्या माशाच्या तुलनेत या पिल्लाला दहा मणके कमी निघाले, शिवाय अंगभर प्रकाश देणारे सूक्ष्म अवयव दिसले. एक मादी, दुसरा नर. एक मोठी, दुसरे नुकते जन्मलेले. तेव्हा आकारातला फरक वयाचा किंवा लिंगाचा असू शकतो, ही शंका मलाही योग्य वाटते. मात्र मण्यांची माळ वाढवावी तसे मणके वयाबरोबर वाढत जात नाहीत, त्यामुळे माझ्या मते या निर्णयाचा खरा आधार तिथेच आहे. २०१९ मध्ये ग्रेस आणि सहकाऱ्यांनी मॉलिस्क्वामा मिसिसिपिएन्सिस ही जात जाहीर केली. तो मासा आज लुइझियानातील तुलेन विद्यापीठाच्या मत्स्यसंग्रहात जपलेला आहे, म्हणजे उद्या तिसरा सापडलाच तर हा निर्णय पुन्हा तपासून पाहता येईल.