गुरुवार, दुपारी दोन

शेजारच्या आजोबांनी मला कॉफीला बोलावलं ते कचऱ्याच्या डब्यासाठी. इथे नेदरलँड्समध्ये कचऱ्याचा डबा ठरलेल्या वारी सकाळी रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवावा लागतो, आणि आमच्या गल्लीचा वार शुक्रवार. "या शुक्रवारी माझाही ठेवशील का? मी नसेन," ते म्हणाले. मी म्हटलं, मुलीकडे चाललात वाटतं. त्यावर त्यांनी टेबलावरची डायरी माझ्याकडे फिरवली. गुरुवार, दुपारी दोन, डॉक्टर. वरच्या ओळीत 'चष्मा दुरुस्ती' असं लिहिलेलं, आणि त्यावर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ.

इथले लोक कॉफीबरोबर एक बिस्किट देतात आणि डब्याला झाकण लावतात. कोकणातून आलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला दोनेक वर्षं जातात. त्या दिवशी डबा उघडाच राहिला. मी लागोपाठ चार खाल्ली. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

त्यांचा कॅन्सर स्वादुपिंडाचा, हे मला ठाऊक होतं. केमो थांबवल्याचंही. पण मरणाची अपॉइंटमेंट घेतलेली डायरीत बघणं निराळं. बारा वर्षं मी नायमेखनमध्ये राहते आणि इथल्या इच्छामरणाच्या कायद्याबद्दल गावी आले की पडवीत बसून मोठ्या ऐटीत सांगते. त्या टेबलाशी मात्र सगळी ऐट गळून पडली.

कायदा १ एप्रिल २००२ पासूनचा, देशपातळीवरचा जगातला पहिला. गुहागरकडे लोकांना वाटतं की इथे जगण्याचा कंटाळा आला की डॉक्टरला फोन लावायचा. माझ्या मामांचं तर हे ठाम मत आहे. तसं नसतं. मागणी रुग्णाने स्वतः, समजून-उमजून केलेली लागते. यातना असह्य लागतात आणि त्या कमी होण्याची आशा उरलेली नसावी लागते. दुसरा वाजवी मार्ग नाही, हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही पटावं लागतं. रुग्णाशी संबंध नसलेला आणखी एक डॉक्टर येऊन तपासतो आणि लेखी मत देतो. डॉक्टर सरळ नाही म्हणू शकतो, त्याच्यावर सक्ती नाही. नंतरही कागदावर 'नैसर्गिक मृत्यू' लिहिता येत नाही. न्यायवैद्यक डॉक्टर घरी येतो, आणि कायदेतज्ज्ञ, डॉक्टर व नीतिशास्त्राचा जाणकार यांची समिती सगळं प्रकरण तपासते. २०२४ मध्ये अशा ९,९५८ नोंदी झाल्या, एकूण मृत्यूंच्या ५.८ टक्के. म्हणजे सतरा मरणांमागे एक. याच आमच्या नायमेखनमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये माजी पंतप्रधान द्रीस फान आख्त आणि त्यांच्या पत्नी, दोघंही ९३ वर्षांचे, एकाच दिवशी हातात हात घेऊन गेले. फान आख्त कॅथलिक पक्षातून वर आलेले आणि कॅथलिक चर्चला तर इच्छामरण मान्य नाही, ही गोष्ट मामांना सांगितली तर ते गप्प झाले, पण पटलं म्हणून नव्हे.

आजोबांच्या बोलण्यातली एकच गोष्ट माझ्या डोक्यात अडकून बसली. डॉक्टरीणबाई तीन वेळा घरी आल्या, आणि तिन्ही वेळा त्यांनी मुलीला स्वयंपाकघरात पाठवून दार लावून घेतलं. मग विचारलं: हे तुम्हाला हवंय की घरच्यांना बघवत नाही म्हणून तुम्ही म्हणताय? एकट्याला विचारलं. तोंडावर.

शुक्रवारी मी डबा बाहेर ठेवला. हलका होता. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना त्या दिवशी बंद होता. असं काही केल्यानंतरच्या दिवशी त्या रुग्ण तपासत नाहीत, हे त्यांच्या मदतनीस मुलीने मला फोनवर सांगितलं.

माझी आजी १९९८ च्या श्रावणात गेली, ९१ व्या वर्षी, गुहागरच्या घरात, माजघरातल्या खाटेवर. जायच्या तीनेक आठवडे आधी तिने पेज नको म्हटलं. धाकटी काकू वाटी घेऊन बसायची, आजी तोंड फिरवायची. गावातले डॉक्टर स्कूटरवरून आले, नाडी बघितली, सलाईन लावू का म्हणाले. मोठ्या काकांनी नुसता हात हलवला. 'जीव कशाततरी अडकलाय' म्हणून डोंबिवलीहून आत्याला बोलावून घेतलं. गुरवाने देवीपुढे गाऱ्हाणं घातलं: बरी कर, नाहीतर सोडव. मग तिला खाली काढलं, तुळशीचं पाणी घातलं. सगळे म्हणाले, सुटली, सोनं झालं.

मी सतरा वर्षांची होते आणि मला ते मरण फार शहाणपणाचं वाटलं होतं. अजूनही थोडंसं वाटतं. आपल्याकडे या वाटेला मानही आहे. विनोबा आमच्याच कोकणातले, पेणकडच्या गागोद्याचे. त्यांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न आणि औषध थांबवलं आणि १५ तारखेला देह ठेवला. सावरकर तेरा वर्षं रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांनी आत्महत्या वेगळी आणि आत्मार्पण वेगळं, असं लिहून ठेवलं आणि १९६६ च्या फेब्रुवारीत तसंच प्रायोपवेशन केलं. त्या दोघांनी काय ठरवलंय ते सगळ्यांना माहीत होतं, कारण त्यांनी ते सांगितलं होतं. आजीने फक्त तोंड फिरवलं. तिला नक्की काय नको होतं? जगणं? पेज? की धाकट्या काकूच्या हातची पेज? (त्या दोघींचं सतरा वर्षं पटलं नव्हतं.) माजघरात तेव्हा दहा माणसं होती. तिला वाकून हे कोणी विचारलं नाही. आपल्याला सोयीचा अर्थ आपण लावला, आणि नशिबाने तो बहुधा बरोबर होता.

काकांच्या वेळी तो बरोबर नव्हता. धाकट्या काकांना २०१७ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला. चिपळूण, तिथून मुंबई, तिथे एकेचाळीस दिवस व्हेंटिलेटर. डॉक्टर दुसऱ्याच आठवड्यात म्हणाले होते की काका परत येणार नाहीत. पण आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर एक नियम असतो: जो पहिला 'पुरे' म्हणेल, त्याच्या माथी ते मरण कायमचं बसतं. त्यामुळे कोणी म्हणत नाही. आमच्यातला जो चुलतभाऊ वर्षानुवर्षं गावाकडे फिरकला नव्हता, तोच सगळ्यात मोठ्याने म्हणत होता, "पैशाकडे बघू नका, सगळं करा." कलमांची एक बाग गेली त्यात. बागेचं दुःख नाही. काका आयुष्यभर आपलं आलेलं पत्र दुसऱ्याला फोडू न देणारा माणूस, आणि त्याच्या अंगावरचं सगळं काही एकेचाळीस दिवस दुसऱ्यांनी ठरवलं.

अरुणा शानबाग यांची गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको, पण एक कोपरा राहून जातो. त्या हळदीपूरच्या, म्हणजे आपल्याच किनाऱ्याच्या खालच्या टोकाकडच्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. तिथेच २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला, नंतर त्या कधी भानावर आल्या नाहीत, आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली बेचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. पत्रकार पिंकी विराणी त्यांना मरण येऊ द्यावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेल्या, परिचारिका ठामपणे विरोधात उभ्या राहिल्या. न्यायालयाने ७ मार्च २०११ ला विराणींची मागणी फेटाळली, मात्र ठरावीक परिस्थितीत उपचार काढून घेण्याचं दार किलकिलं केलं. मला दोन्ही बाजूंची माया खरी वाटते. आणि दोन्ही बाजू, नाइलाजाने का होईना, जिला विचारता येत नव्हतं तिच्या वतीने बोलत होत्या.

विचारता येत असताना विचारायचं, ही सोय आपल्याकडे ९ मार्च २०१८ च्या निकालाने झाली. सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं घटनापीठाने म्हटलं आणि लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असताना लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. आधी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. यात इंजेक्शन नाही. बरं होण्याची आशा नसताना यंत्रं आणि नळ्या नकोत, एवढंच. तेही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी पाहिल्यावर.

मग इथला कायदा तिकडे हवा का? आयआयटीतले मित्र विचारतात तेव्हा त्यांना 'हो' ऐकायचं असतं. मी आज नाही म्हणेन. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी एक वाक्य असतं: "कोणाला जड नको व्हायला." ते इतकं सवयीचं असतं की चहा नको म्हणावा तसं म्हणतात. उद्या हेच वाक्य कायद्यातली 'मागणी' झालं तर? ही भीती फक्त आपली नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये १९९७ पासून याच्याशी मिळताजुळता कायदा लागू आहे. तिथल्या वार्षिक अहवालांत लोक जी कारणं देतात, त्यांत घरच्यांवर ओझं होण्याची काळजी वेदनेच्या बरीच वर असते. आणि वेदनेचं म्हणाल तर काकूच्या शेवटच्या महिन्यात, हाडापर्यंत पोचलेल्या कॅन्सरला, मॉर्फिनच्या गोळ्या तालुक्यात मिळाल्या नाहीत. भावाने मुंबईहून आणल्या. ज्या देशात अफू सरकारी परवान्याने शेतात पिकते, तिथली ही गोष्ट. आधी ती गोळी आणि घरी येणारी नर्स गावात पोचू दे, मग मरणाच्या हक्काचं बोलू.

आणि इथलंही सगळं चोख नाही. २०१६ मध्ये इथल्या एका डॉक्टरने स्मृतिभ्रंश झालेल्या ७४ वर्षांच्या बाईंना, त्यांनी पूर्वी लिहून ठेवल्याप्रमाणे, मरण दिलं. आधी न सांगता कॉफीत गुंगीचं औषध घातलं. मधेच त्या जाग्या झाल्या तेव्हा घरच्यांनी त्यांना धरून ठेवलं. डॉक्टर निर्दोष सुटल्या, २०२० मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानेही लेखी इच्छेला मान दिला. मला तो निकाल कळतो. ती कॉफी घशाखाली उतरत नाही.

(हे सगळं आजाराच्या शेवटच्या टप्प्याबद्दल आहे. ज्यांचं मन खचलंय आणि जगणं नकोसं वाटतंय, त्यांनी कृपया घरात कोणाशी तरी बोला, किंवा टेलिमानसला १४४१६ वर फोन करा.)

तर यंदा गणपतीला घरी गेले ते लिव्हिंग विलचा मजकूर टाइप करूनच. ऋषिपंचमीच्या दुपारी, सगळे चाकरमानी पडवीत आडवे झालेले असताना, कागद आप्पांपुढे ठेवला. आई आतून म्हणाली, "गणपती घरात असताना कसले अभद्र विषय काढतेस!" आप्पा म्हणजे माझे वडील, ८४ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांनी खिशातलं तांबडं बॉलपेन काढलं आणि पहिल्याच ओळीत माझा 'मृत्यु' दीर्घ केला.

भाऊ उठून बसला. "आप्पा, याची काय गरज? आम्ही आहोत ना."

"तू आहेस म्हणूनच लिहितोय," आप्पा म्हणाले.

मग एकेक कलम. व्हेंटिलेटर नको. नाकातून नळी घालून भरवणं नको. "पण ओठ ओले करा. ते औषधात धरू नका." दुखलं तर दुखणं थांबवा, झोप लागली तरी चालेल. डोंबिवलीला न्यायचं नाही, चौथ्या मजल्यावरून उतरवताना लोकांच्या पाठी जातात. शेवटचं कलम मी कायद्याच्या भाषेत बसत नाही म्हणून गाळणार होते, त्यांनी पेनने परत लिहिलं.

मी आजोबांची गोष्ट सांगितली. डायरी, चष्म्याचं दुकान, लावून घेतलेलं दार. मग धीर करून विचारलं, "आप्पा, तसं इथे मिळालं असतं, तर तुम्ही मागितलं असतंत?"

त्यांनी बराच वेळ पेनचं टोपण लावलं, काढलं. "मागितलं असतं कदाचित. पण ज्या दिवशी मागितलं असतं, त्या दिवशी तुझ्या आईने विचारलं असतं, माझ्यामुळे का? त्याला मी काय उत्तर देणार? तुझ्या डॉक्टरीणबाईंनी कितीही घट्ट दार लावू दे, आमच्या माजघराच्या दाराला फट आहे."

"ऐकू येतंय मला," आई आतून म्हणाली.

गुहागरातले नोटरी गणपतीत गावाला गेले होते. ग्रामसेवकाला विचारलं, लिव्हिंग विलची प्रत तुमच्याकडे द्यायची असते ना, तर त्याने मला घरपट्टीचा फॉर्म दिला. साक्षीदार म्हणून सही करायला मामा तयार झाले, पण दिवाळीनंतर, आणि आधी पूर्ण वाचून बघणार. कागद सध्या सातबाऱ्याच्या पिशवीत आहे.

परत निघायच्या आदल्या रात्री मी बॅग भरत होते. आई मेतकुटाची पुडी घेऊन आली आणि ती कपड्यांत खुपसता खुपसता म्हणाली, "माझाही एक कागद कर. त्यात ठरवणाऱ्यांमध्ये तुझं नाव घाल, आत्याचं घाल. ह्यांचं नको. हे डॉक्टरांना घाबरतात."