डॅशबोर्डातली टकटक आणि एसीच्या झडपेची मोटर

चावी फिरवली की डॅशबोर्डाच्या आतून टक-टक-टक आवाज येतो, थोड्या वेळाने आपोआप थांबतो आणि टेंपरेचरचं बटण फिरवलं की परत सुरू. ज्यांच्या गाडीत हे होतं त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. काहींच्या गाडीत आवाज नसतो पण ड्रायव्हरला गार हवा आणि शेजारच्याला भट्टी, किंवा सगळी हवा काचेवरच जाते, तोंडावर काही केल्या येत नाही. आणि मग "एसी मारत नाहीये" म्हणून पहिलं काम काय, तर गॅस भरून आणायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! गॅसचा या दुखण्याशी बहुतेक वेळा काडीचाही संबंध नसतो.

माझ्या गाडीत पॅसेंजर साईडला हेच सुरू झालं तेव्हा एका गॅरेजमध्ये आवाज ऐकूनच निकाल दिला, एसीच्या झडपेची मोटर गेली, नवीन टाकावी लागेल, डॅशबोर्ड खोलावा लागेल. खोलून न बघता मोटर गेली हे कसं कळलं हा माझा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर काही मिळालं नाही, म्हणून गाडी घरी आणली. काढून बघितलं तर मोटर ठणठणीत, गिअर फाटलेला. त्यानंतर ओळखीच्यांच्या गाड्यांचेही हे मोटरचे डबे खोलत आलोय आणि आता माझं ठाम मत झालंय की मोटर जळणं हा यातला सगळ्यात शेवटचा संशय, त्याच्या आधी बघायच्या तीन-चार गोष्टी आहेत.

आधी आत काय असतं ते बघू म्हणजे पुढचं सोपं जाईल. डॅशबोर्डाच्या मागे एक मोठा प्लॅस्टिकचा डबा असतो, त्यात ब्लोअर हवा ढकलतो, ती हवा आधी एसीच्या गार जाळीतून म्हणजे इव्हॅपोरेटरमधून जाते आणि पुढे हीटरची जाळी असते, तिच्यात इंजिनचं गरम कूलंट फिरतं. या दोघांच्या मध्ये एक झडप असते, तिला ब्लेंड डोअर म्हणतात, ती ठरवते की गार झालेल्या हवेतली किती हवा हीटरमधून जाऊ द्यायची आणि किती बाजूने काढायची. बऱ्याच गाड्यांत हीटरमध्ये गरम कूलंट कायम फिरत असतं, एसी फुल असला तरी, त्यामुळे ही झडप अर्धवट उघडी राहिली की एसी कितीही जोरात चालू द्या, हवा कोमटच येणार. याशिवाय हवा तोंडावर, पायावर की काचेवर हे ठरवणाऱ्या झडपा वेगळ्या आणि बाहेरची हवा की आतलीच ते ठरवणारी ब्लोअरजवळची झडप वेगळी. जुन्या गाड्यांत या झडपा केबलने नाहीतर व्हॅक्यूमने हलायच्या. आता प्रत्येक झडपेवर एक छोटा डबा स्क्रूने बसवलेला असतो, ॲक्च्युएटर. सगळे त्यालाच मोटर म्हणतात पण त्या डब्यात मोटर हा फक्त एक भाग आहे, बाकी गिअर आणि झडप कुठे आहे ते सांगणारा सेन्सर.

दोष झडपेचा की एसीचा हे एकही पाना न उचलता ओळखता येतं. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना गाडी चालू करा, लगेच एसी लावा, टेंपरेचर सगळ्यात कमी. सुरुवातीला छान गार हवा आली आणि इंजिन तापत गेलं तशी ती कोमट होत गेली, तर एसी चांगला आहे, हीटरची हवा मिसळतीये. खात्री करायची असेल तर बॉनेट उघडून एसीचा जाड ॲल्युमिनियमचा पाईप बघा, जो इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून आत जातो तो. तो गार आहे, त्यावर पाण्याचे थेंब आहेत आणि आत हवा मात्र गरम, म्हणजे नक्की झडपच. फक्त हात घालताना फॅन आणि बेल्टपासून लांब, तो फॅन कधीही सुरू होतो.

टकटक आवाजाचं कारण साधं आहे. कंट्रोल युनिट मोटरला सांगतं की झडप अमुक ठिकाणी ने, मोटर फिरते, पण गिअरचे दोन दात तुटलेले असतात त्यामुळे त्याच जागी येऊन गिअर सटकतो, परत पकडतो, परत सटकतो. सेन्सर सांगतो की झडप अजून पोचली नाही, युनिट अजून जोर लावतं आणि शेवटी ठरलेला वेळ संपला की नाद सोडून देतं, म्हणून आवाज आपोआप थांबतो. म्हणजे टकटक येतीये याचाच अर्थ मोटर फिरतीये! जी मोटर फिरतीये ती जळली कशी? उलट आवाजच नाही आणि झडप हलतही नाही तिथे मोटर, वायर, कनेक्टर यांच्यावर संशय घ्यायचा.

आता काढायचं कसं. बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि काही मिनिटं थांबायचं, कारण आसपास एअरबॅगच्या वायरी असतात, बहुतेक पिवळ्या कनेक्टरच्या, त्यांना हात लावायचा नाही आणि मल्टिमीटरची टोकं तर अजिबात लावायची नाहीत. हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाहीये. मग ग्लोव्ह बॉक्स काढायचा, त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो बऱ्याच गाड्यांत खाली लोंबतो आणि मागे डबा आणि ॲक्च्युएटर दिसायला लागतात. पायापाशी असलेल्यासाठी मात्र सीट पूर्ण मागे, डोकं खाली, पाय हेडरेस्टवर अशा आसनात जावं लागतं, डोक्याला बांधायचा टॉर्च असेल तर जीव वाचतो. स्क्रू दोन नाहीतर तीन असतात, छोटे, आणि त्यातला एक हमखास अशा जागी की स्क्रूड्रायव्हर सरळ बसतच नाही. छोटा रॅचेट आणि चुंबक लावलेलं टोक पाहिजेच, कारण पडलेला स्क्रू कार्पेटखाली जाऊन कायमचा स्थायिक होतो. डॅशबोर्ड पूर्ण खोलायची वेळ काही गाड्यांत खरंच येते, सगळ्यांत नाही, तेव्हा आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आधी बघून घ्या.

ॲक्च्युएटर हातात आला की लगेच तो खोलायला बसू नका. आधी झडपेचा उघडा पडलेला दांडा बोटांनी फिरवून बघा. तो हलका फिरला पाहिजे, दोन्ही टोकांना ठप्प असा थांबला पाहिजे. ही तपासणी बहुतेक लोक करत नाहीत आणि मग नवीन मोटरही महिनाभरात तशीच टकटक करते. दांडा जड असेल तर झडप कशात तरी अडकलीये, काचेजवळच्या फटीतून पडलेलं पेन, नाणं, वाळलेली पानं, काहीही निघतं. वेंटमधून काळा भुगा उडत असेल तर झडपेवरचा फोम कुजलाय, तो चिकटतो आणि झडप जड करतो. आणि दांडा गोल गोल फिरतोय, थांबतच नाहीये, तर झडपच आत तुटलीये आणि मग मोटरचं काहीही करून उपयोग नाही, झडपेचा मोठा डबाच खोलावा लागणार.

झडप मोकळी असेल तर मग ॲक्च्युएटरचा डबा उघडायचा. कडेला क्लिप असतात, पातळ स्क्रूड्रायव्हरने एकेक हळूच उचलायच्या, आणि झाकण निघाल्या निघाल्या कशालाही हात लावायच्या आधी फोटो काढायचा, कारण कुठला गिअर कुठल्या दातावर होता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आत मोटरच्या दांड्यावर वर्म असतो, तो मळसूत्रासारखा गिअर, आणि पुढे दोन-तीन प्लॅस्टिकचे गिअर. वर्म असल्यामुळे बाहेरचा दांडा उलटा हाताने फिरत नाही, जाम झालाय असं समजून त्याला पकडीने पिळलं तर चांगले दातही जातील.

बहुतेक वेळा गेलेला असतो तो शेवटचा गिअर, कारण सगळा जोर त्याच्यावर. एक तर दात जुन्या कंगव्यासारखे मधूनमधून गायब, नाहीतर दांड्यावर बसतो तिथे केसाएवढी चीर, जी गिअर हातात घेऊन वाकवल्याशिवाय दिसतच नाही. फेविक्विक वगैरे लावून बघायचा मोह होतो, नका करू. हे गिअर बऱ्याचदा ॲसिटल नाहीतर नायलॉनचे असतात, ॲसिटलला गोंद जवळपास धरतच नाही आणि जोर आला की सांधा सुटतो. पण एक युक्ती भारी आहे. शेवटचा गिअर पूर्ण गोल असेल तरी झडपेला पूर्ण फेरा लागतच नाही, त्यामुळे एका बाजूचे दात झिजतात आणि समोरच्या बाजूचे कोरे करकरीत राहतात. ज्या डब्यात गिअर आणि बाहेरचा दांडा वेगवेगळे निघतात तिथे गिअर फिरवून कोऱ्या दातांवर बसवता येतो, फक्त सेन्सरची जागा फोटोत होती तशीच ठेवायची. दोन्ही एकसंध असतील तर ही युक्ती चालत नाही. थ्रीडी प्रिंटरवाला मित्र असेल तर गिअर छापून घ्या पण पीएलए या प्लॅस्टिकचा नको, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. नायलॉनचा घ्या.

गिअर सगळे शाबूत असतील तर सेन्सर. साध्या पाच वायरच्या प्रकारात दोन वायरी मोटरच्या आणि तीन पोटेंशिओमीटरच्या, म्हणजे रेडिओच्या व्हॉल्यूममध्ये असायचा तोच प्रकार. कनेक्टर काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवा, मधली पिन आणि कडेची पिन, आणि मोटर फिरवत आकडा बघा. सलग चढत किंवा उतरत गेला तर ठीक, मध्येच उडाला तर पट्टी तिथे घाण झालीये नाहीतर झिजलीये. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, एवढंच. पॉलिश पेपर मारायचा नाही, ती काळी पट्टी म्हणजे पातळ थर असतो, घासला की संपला. झिजच असेल तर पट्टीवरून फिरणारी पितळी बोटं अगदी किंचित बाजूला वाकवायची म्हणजे ती न झिजलेल्या रेषेवरून चालतात. बारीक काम आहे पण होतं.

आणि सगळ्यात शेवटी मोटर. याच पाच वायरवाल्या प्रकारात ९ व्होल्टची बॅटरी फक्त मोटरच्या दोन पिनांना लावा, फिरली पाहिजे, तारा उलट्या केल्या की उलटी फिरली पाहिजे. दांड्याला बोटाने ढकलल्यावरच सुरू होत असेल तर आत कम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणाऱ्या पट्ट्यांवर, कार्बन साठलाय, कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब टाकून दोन्ही दिशांनी थोडा वेळ पळवली की बऱ्याच मोटरी परत उठतात. नाही उठली तर तेवढी मोटर बदलता येते, व्होल्टेज, आकार आणि दांड्याची जाडी जुळली की झालं, वर्म जुन्या मोटरवरून काढून नवीनवर दाबून बसवायचा.

पण बॅटरी लावायच्या आधी वायरी मोजा. पाच-सहा वायरी असूनही कधीकधी आत साधी मोटर नसून स्टेपर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर असते, ती बॅटरीवर फिरत नाही. तीन वायरवाल्यात बहुतेक वेळा लिन बसचा, म्हणजे एकाच वायरवरून युनिटशी डिजिटल बोलणारा, सर्किट बोर्ड असतो, त्याला बाहेरून व्होल्टेज दिलं तर चांगला बोर्ड उडेल. तिथे गिअर आणि ग्रीसपर्यंतच आपली हद्द, बोर्डच गेला असेल तर पूर्ण ॲक्च्युएटर बदला. भंगारातल्या गाडीचा घेतला तरी चालतो पण पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळू दे, बाहेरून जुळे दिसणारे आतून वेगळे निघतात.

बंद करताना जुनं वाळलेलं ग्रीस पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दातांवर द्या. बेअरिंगचं ग्रीस नको, थंडीत ते घट्ट होतं, आणि काही पेट्रोलियम ग्रीस काही प्लॅस्टिकला खातात. पोटेंशिओमीटरच्या पट्टीवर ग्रीस जाऊ देऊ नका. गंज सोडवायचा स्प्रे तर इथे मारूच नका, तो असलेलं ग्रीसही धुवून नेतो.

बसवल्यावर एक शेवटचं काम राहतं, कॅलिब्रेशन. युनिटला झडपेची दोन टोकं परत शिकायला लागतात. काही गाड्यांत बॅटरी काढून लावली किंवा एसी कंट्रोलचा फ्यूज थोडा वेळ काढून ठेवला की इग्निशन ऑन केल्यावर ते आपोआप होतं, त्या एक-दोन मिनिटांत कुठलंही बटण दाबायचं नाही, झडपा शांतपणे या टोकाकडून त्या टोकाला जाऊ द्यायच्या. काहींना स्कॅनरच लागतो. आणि ॲक्च्युएटर झडपेवर बसवून स्क्रू घट्ट केल्याशिवाय इग्निशन ऑन करू नका, मोकळा फिरला तर तो आपल्या हद्दीबाहेर जातो आणि मग दांडा झडपेच्या खाचेत बसतच नाही. सगळं करून डावीकडचं बटण फिरवल्यावर उजवीकडची हवा बदलायला लागली तर घाबरू नका, दोन सारखे कनेक्टर शेजारी शेजारी असले की अदलाबदल होते, बॅटरी काढून ते उलटे लावायचे आणि कॅलिब्रेशन परत.