गोलबॉल, छोटी मंडळी आणि माझी बडबड: बारा आठवड्यांची नोंद

बारा शनिवार झाले. मध्ये मध्ये चिठ्ठ्यांवर खरडलेलं सगळं एकत्र लिहून काढते, म्हणजे लहान मुलांना गोलबॉल शिकवणाऱ्या बाकीच्यांना माझ्या चुका तरी वापरता येतील. गोलबॉल म्हणजे न दिसणाऱ्यांचा आणि कमी दिसणाऱ्यांचा खेळ: तिघा-तिघांचे दोन संघ, आत घुंगरं असलेला बॉल जमिनीवरून समोरच्या गोलकडे टाकायचा आणि समोरच्यांनी तो आवाजावरून अंगाने अडवायचा.

मुलं सात, वय आठ ते बारा. तिघांना अजिबात दिसत नाही, तिघांना थोडं दिसतं. सातवा त्यांच्यातल्या एकीचा भाऊ, त्याला सगळं दिसतं. तो सोबत यायचा, बाकावर बसून जांभया द्यायचा, म्हणून त्यालाही आयशेड, म्हणजे डोळे पूर्ण झाकणारी पट्टी, चढवली. आंतरराष्ट्रीय सामन्यात डोळस खेळाडू चालत नाही, पण आमच्या सरावात कोण अडवतंय! नावं लिहीत नाही. मुलांनी एकमेकांना ठेवलेली टोपणनावं आहेत, तीच पुरेत.

आठवडा १ ते ३

सुरुवातच चुकली. मी पहिल्या दिवशी बॉल टाकायला शिकवला, कारण मुलांना तेच हवं होतं आणि खरं सांगायचं तर मलाही. अधिकृत बॉल म्हणजे सव्वा किलोचा जाड रबरी गोळा. घेर साधारण ७६ सेंटीमीटर, अंगाला आठ भोकं, आत घुंगरं. आठ वर्षांच्या पोराला तो एका हातात नीट मावतसुद्धा नाही. दुसऱ्या शनिवारी तो कुणाच्या तरी पायाच्या बोटांवर आपटला. रडारड झाली, आणि उरलेला तास सगळे बॉलचा आवाज आला की पाय पोटाशी घ्यायला लागले. भीती बसली की पुढचं सगळं अवघड होतं. बॉल पिशवीत भरला आणि पाच आठवडे बाहेर काढला नाही.

त्याऐवजी साधा हलका बॉल घेतला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गाठ मारली. जमिनीवरून जाताना तो छान चुरचुरतो. लागला तर दुखत नाही. ही युक्ती जुनीच आहे, मी शोधलेली नाही, पण पहिल्या दिवसापासून वापरायला हवी होती.

आणखी एक गोष्ट मला उलटी वाटली होती. आयशेड घातल्यावर सगळ्यात जास्त घाबरली ती थोडं दिसणारी मुलं. ज्यांना मुळातच दिसत नाही त्यांना फरक काय पडणार? ती आरामात इकडेतिकडे फिरत होती. थोडं दिसणारे मात्र हात पुढे करून जागच्या जागी उभे. पूर्ण दिसणारा भाऊ तर सरळ खाली बसला. त्याला हात धरून उठवलं ते ‘मुंगी’ने. ही आमची सगळ्यात लहान, वय आठ, दिसत अजिबात नाही. "अरे, पाय घासत चल, मग लाइन लागते," असं तिने त्याला सांगितलं. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

आठवडा ४: कान

इथून खरी शिकवणी सुरू झाली असं म्हणता येईल. पंखे बंद केले. दार लावलं. बाहेर बसलेल्या पालकांना फोन गप्प करायला सांगितलं. रिकाम्या हॉलमध्ये आवाज भिंतीवर आपटून परत येतो, तेव्हा जमलं तर एका बाजूला गाद्या टेकवून ठेवा. फरक पडतो.

सगळ्यात चाललेला खेळ ‘किल्लीचोर’. एक जण मध्ये मांडी घालून बसतो, पुढ्यात किल्ल्यांचा जुडगा. बाकीचे रांगत येऊन तो पळवणार. राखणदाराने आवाजाच्या दिशेने बोट रोखायचं. बोट बरोबर चोरावर आलं तर चोर परत भिंतीपाशी. दहा मिनिटांत मुलांना श्वास कसा धरायचा, कापड कसं घासू द्यायचं नाही, हे कळतं. म्हणजे एकाच खेळात ऐकणंही आलं आणि गप्प राहणंही आलं, आणि गोलबॉलला दोन्ही लागतं: समोरचा टाकतो तेव्हा ऐकायचं, आपल्यातला टाकतो तेव्हा गप्प राहायचं. टाकणाऱ्या संघाने त्या वेळी गोंगाट केला तर पेनल्टी बसते.

डावं-उजवं मुलांना पटकन कळतं. अवघड जातं ते अंतर. बॉल नाकासमोरून सरळ येत असला की तो तीन मीटरवर आहे की सहा, हे सांगता येत नाही. डोकं किंचित एका बाजूला वळवायला सांगितलं की थोडं सुधारतं. आणि बॉल जितका गुळगुळीत घरंगळतो तितका कमी वाजतो, टप्पे खात आला की जास्त. त्यामुळे हळू येणारा बॉल सोपा असतो हा माझा समज खोटा ठरला. एकदम हळू, तेलावरून सरकल्यासारखा आलेला बॉल चौघांना चकवून गेला.

आठवडा ५: दोरी

मैदान १८ बाय ९ मीटर, लांबीत तीन-तीन मीटरचे सहा पट्टे. रेषा म्हणजे चिकटपट्टी आणि तिच्याखाली बारीक दोरी, म्हणजे हाताला-पायाला उंचवटा लागतो. आम्ही सुरुवातीला हे सगळं अर्ध्या लांबीचं केलं, गोलही नऊ मीटरऐवजी सहाच मीटरचा.

दोरी अंथरताना मुलांना बोलावलं, हे बरं केलं. आधी मी ते काम एकटीने, मुलं यायच्या आत उरकायचे. मग मैदान समजावून सांगण्यात अर्धा तास जायचा आणि कुणालाच काही कळायचं नाही. या वेळी एकाने दोरी ताणून धरली, एकाने पट्टी दाबली, मुंगी मागून बोटांनी तपासत आली. कोपऱ्यात मी गाठ मारून ठेवली होती, ती तिच्या बोटाला लागली. "इथे गोळी आहे, ताई." गाठ काढली. पायाखाली आली असती तर सगळ्यांना तो कोपरा म्हणजे काहीतरी खास जागा वाटली असती.

एका पाटीवर दोरा चिकटवून हातात मावेल एवढं मैदानही केलं. तीन बटणं म्हणजे तीन खेळाडू: मध्ये जरा पुढे सेंटर, दोन्ही बाजूंना जरा मागे विंग. मी पंधरा वेळा ‘त्रिकोण’ म्हटलं होतं, बटणांवरून हात फिरल्यावर एकदाच कळलं.

आठवडा ६ आणि ७: आडवं पडणं

या दोन आठवड्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि परत संधी मिळाली तर चार घालवीन.

बचाव म्हणजे कुशीवर आडवं पडून अंगाची भिंत करायची. हात डोक्याच्या पुढे लांब, पाय लांब, चेहरा दंडांच्या मागे वळवलेला. सांगायला एवढंच. करताना काय काय होतं ते असं:

बहुतेक मुलं पडताना हळूच पाठीवर कलंडतात. अंग मागे कललं की त्याचा उतार होतो आणि बॉल त्यावरून चढून थेट गोलमध्ये. ‘पोट बॉलकडे’ असं सांगून काही होईना. शेवटी पडलेल्या मुलाच्या पाठीशी मी गुडघे टेकून बसले आणि म्हटलं, माझ्या गुडघ्याला पाठ लागू द्यायची नाही. तीन प्रयत्नांत जमलं.

दुसरी भानगड हात आणि पायांमधल्या फटींची. हात एकमेकांवर चिकटवले तर भिंत बुटकी होते, फार फाकवले तर मधून बॉल जातो. पायांचंही तसंच, वरचा पाय जरासा उचललेला हवा. ‘खांब’ आमच्यात सगळ्यात उंच, पण त्याच्या घोट्यांमधून इतके बॉल गेले की मुलांनी त्या फटीला बोगदा म्हणायला सुरुवात केली.

तिसरी गोष्ट वेळेची. आवाज आल्या आल्या पडायचं नाही. आधी दिशा कळू द्यायची, मग पडायचं. उतावळी पोरं टाळी वाजली तरी आडवी होतात.

आम्ही क्रम असा ठेवला: आधी आडवं पडूनच राहायचं आणि बॉल अंगावर घ्यायचा, मग बसल्या जागेवरून पडायचं, मग गुडघ्यांवरून, आणि उकिडवं बसून सरकणं सर्वांत शेवटी. बॉल तीन मीटरवरून, हळू, पिशवीतला. गुडघ्यांना आणि कोपरांना पॅड. पोटावर थापकन बॉल अडला की काय आनंद होतो! खांबने पहिला बॉल अडवला तेव्हा तो उठलाच नाही, बॉलला मिठी मारून तसाच पडून राहिला.

आठवडा ८ आणि ९

खरा बॉल परत आला. या वेळी रडारड नाही. टाकण्याबद्दल थोडक्यात: पाठ गोलच्या खांबाला किंवा दांड्याला लावून सरळ व्हायचं, दोन-तीन पावलं, वाकायचं, आणि बॉल जमिनीला सोपवायचा. ‘फेक’ हा शब्द मी वापरणं बंद केलं, कारण फेक म्हटलं की हात खांद्यापर्यंत जातो. नियमाप्रमाणे बॉल हातातून सुटल्यावर आपल्या बाजूच्या पहिल्या सहा मीटरमध्ये टेकलाच पाहिजे आणि मैदानाच्या मधल्या सहा मीटरमध्येही टेकला पाहिजे. सोपवला तर दोन्ही आपोआप होतं. गिरकी घेऊन किंवा पाठमोरं राहून पायांमधून टाकणं मुलांना शिकायचंय. शिकतील, एवढ्यात नको.

अडवलेला बॉल दहा सेकंदांत परत टाकायचा असतो. ते आम्ही अजून मोजत नाही.

एका शनिवारी पाऊण तास नुसता सामना ऐकला: २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमधली पुरुषांची अंतिम लढत. जपान आणि युक्रेन ३-३, जादा वेळ, आणि गोल्डन गोलवर जपान ४-३. गोलबॉलचा सामना ऐकायला फार सुंदर असतो, कारण प्रेक्षकांनाही गप्प बसावं लागतं आणि मग गोल झाला की छप्पर उडतं. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी हा खेळ १९४६ मध्ये सुरू झाला, हे सांगितल्यावर खांबने विचारलं, "मग ते पण बोगदा ठेवायचे का?"

आठवडा १०: सामना

दुसऱ्या एका गटाची मुलं आली. बारा मिनिटांचे दोन भाग असतात, आम्ही सहा-सहाचे खेळवले. शिट्टी वाजवायला एक जुने खेळाडू आले होते.

पंचांनी ‘क्वाएट प्लीज’ म्हटलं की बाकावरून एक शब्द बोलायचा नसतो. प्रशिक्षकाने काय सांगायचं ते टाइमआउटमध्ये किंवा मध्यंतरात. हे मला पाठ होतं, मुलांनाही मीच शिकवलं होतं. दुसऱ्या भागात समोरच्यांचा बॉल आमच्या डाव्या विंगकडे यायला लागला, खांब उजवीकडे कान लावून बसलेला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डावीकडे!"

शिट्टी. बेकायदा कोचिंग, संघाला पेनल्टी. अशा पेनल्टीला, आपल्याकडून शेवटचा बॉल ज्याने टाकला असेल त्याला एकट्याने गोल राखावा लागतो. शेवटचा टाकला होता मुंगीने. सहा मीटरच्या गोलसमोर ती एकटी, गुडघ्यांवर, बोटांनी मधली खूण चाचपत. मी हाताची घडी घालून बसले होते. बॉल आला, ती बरोबर दिशेला पडली, अर्धा हात कमी पडला. गोल.

सामना आम्ही तसाही हरलो असतो. पण नंतर पाणी पिताना ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही ओरडलात ना, तेव्हा मला बॉल ऐकूच आला नाही. मी तो अडवणार होते."

घरी येऊन सरावाची रेकॉर्डिंग ऐकली. बॉल घरंगळत असताना मी बोलतेय, जवळजवळ प्रत्येक वेळी. "हां", "शाबास", "अजून जरा". चौथ्या आठवड्यात पंखे बंद केले, पालकांचे फोन बंद केले, आणि स्वतः मात्र सुरूच!

आठवडा ११ आणि १२

आता बॉल हलत असताना मी बोलत नाही. जे सांगायचं ते बॉल थांबल्यावर, एकाला, जवळ जाऊन. मुलं आपसांत बोलायला लागलीत हा त्याचा परिणाम असावा. विंग जमिनीवर दोनदा टिचकी मारते, सेंटर एकदा, म्हणजे कोण कुठे आहे ते कळतं. ही खूण त्यांनीच ठरवली. बॉल अडला की "माझा" आणि बाहेर गेला की "गेला". बोगदा अजून आहे, पण अरुंद झालाय.

नियमही मुलांनीच केला: ‘क्वाएट प्लीज’नंतर ताई बोलल्या तर ताईंनी आयशेड घालून पेनल्टी राखायची, टाकणार मुंगी. काल तीनदा उभी राहिले. तीनही गोल झाले, त्यातला एक बोगद्यातून.