रसशोषक पतंगाचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम

पावसाळा सरत आला की संत्रा-मोसंबीच्या बागांत रात्री उतरणारा रसशोषक पतंग, म्हणजे युडोसिमा फॅलोनिया, आपली टोकाशी कठीण आणि दातेरी असलेली सोंड पिकत आलेल्या फळात खुपसतो. त्या छिद्रातून बुरशी व जीवाणू आत शिरतात आणि फळ सडून गळते. या किडीची अळी मात्र बागेत नसतेच; ती बांधावरच्या आणि रानातल्या गुळवेल, वासनवेल यांसारख्या वेलींची पाने खाऊन वाढते. युडोसिमाच्या इतर प्रजातींच्या अळ्याही अशाच वेलींवर सापडतात आणि त्यांचे रंग इतके बदलते असतात की नुसत्या डोळ्यांनी प्रजाती ठरवणे धोक्याचे आहे. वेलीवरची अळी आणि फळावरचा पतंग एकच आहेत, हे खात्रीने सांगायला डीएनए लागतो.

नुसत्या ओळखीसाठी मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कणांतल्या, कॉक्स-१ या जनुकाचा ६५८ बेसांचा (डीएनएच्या ए, टी, जी, सी या अक्षरांचा) तुकडा बहुधा पुरतो. तरीही संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल जीनोम, म्हणजे या कणांतला सगळा डीएनए, वाचणे मला आवश्यक वाटते, कारण त्यातील जनुके वेगवेगळ्या गतीने बदलतात आणि नात्यांचा अंदाज एकाच जनुकावर सोडणे बरे नव्हे. या पतंगाचा असा जीनोम चेन्नईच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला: १५,५७५ बेस-जोड्यांचे वर्तुळ आणि त्यात ३७ जनुके, त्यांपैकी १३ प्रथिनांची, २२ टी-आरएनएची आणि २ आर-आरएनएची (हे दोन्ही आरएनए प्रथिने बनवण्याच्या कामी येतात). कॉक्स-१ची सुरुवात नेहमीच्या एटीने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी संकेताऐवजी सीजीए या संकेताने होते. पतंग-फुलपाखरांत हे सर्रास आढळते.

खरी कसोटी नियंत्रण-प्रदेशात, म्हणजे या वर्तुळाच्या जनुके नसलेल्या भागात, लागते. तिथे ए आणि टी यांचे प्रमाण फार मोठे असते आणि तेच तेच क्रम पुन्हा येतात, त्यामुळे छोटे वाचलेले तुकडे नेमके कुठे बसवायचे हे संगणकालाही ठरवता येत नाही. तिथे लांब तुकडे वाचणारी पद्धतच वापरावी, असे माझे मत आहे. दुसरी अडचण पेशीच्या केंद्रकातील डीएनएमध्ये जाऊन बसलेल्या मायटोकॉन्ड्रियल जनुकांच्या जुन्या प्रतींची. प्रथिनाच्या जनुकात मध्येच थांब-संकेत (प्रथिन तिथेच संपवणारा संकेत) दिसला, तर तो नवा शोध मानण्याआधी अशी प्रत हाती लागली नाही ना, हे तपासलेच पाहिजे. नमुन्याचा एखादा पाय डीएनएसाठी घेऊन उरलेला पतंग पंखांसह जपून ठेवावा, म्हणजे शंका आल्यास ओळख पुन्हा पडताळता येते.

हा जीनोम केवळ आईकडून येतो. म्हणून दूरवर उडणाऱ्या या पतंगाच्या दोन प्रदेशांतील समूह वेगळे आहेत की एकच, हे केंद्रकातील जनुकेही पाहिल्याशिवाय ठरवू नये. नरांचे येणे-जाणे मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत दिसत नाही.