बंब, विस्तव आणि बाप

आईवरची कविता म्हटलं की कोणीही दोन ओळी सहज म्हणून दाखवेल, यशवंत काय, माधव ज्युलियन काय, फ. मुं. शिंदे काय, रांगच लागते. वडिलांच्या वाट्याला मात्र फादर्स डेचा व्हॉट्सअॅपवरचा नारळ, बाहेरून कडक आतून गोड. मला तो नारळ अजिबात झेपत नाही, कारण त्यातला बाप कधी कोणावर खेकसतच नाही.

रॉबर्ट हेडनचा बाप तसा नाही. हेडन म्हणजे अमेरिकेतला कृष्णवर्णीय कवी, १९१३ साली डेट्रॉइटच्या गरीब वस्तीत जन्मला, लहानपणीच शेजारच्या जोडप्याने त्याला सांभाळायला घेतलं आणि पुढे त्यांचंच आडनाव त्याला लागलं. हा बाप मजुरी करणारा. त्याच्यावरची हेडनची कविता 'दोज विंटर संडेज', १९६२ च्या संग्रहातली, जेमतेम १४ ओळींची. रविवारीसुद्धा बाप अंधारात उठतो, गारठ्यात कपडे चढवतो, आठवडाभर राबून भेगाळलेल्या हातांनी राखेखालचा विस्तव फुलवतो आणि घर ऊबदार झालं की मगच पोराला हाक मारतो. बूटही पॉलिश करून ठेवलेले. थँक्यू वगैरे कोणी म्हणत नाही. उलट पोरगा उठतो तोच घाबरत घाबरत, त्या घरात मुरलेल्या रागाला भिऊन, आणि बापाशी बोलतो तेही तुटक.

तो राग हेडनने पुसला नाही हे मला फार आवडतं. मोठेपणी बापाचं करणं कळलं म्हणून लहानपणीची भीती खोटी ठरवली नाही, दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं आणि शेवटी स्वतःलाच दोनदा विचारलं, मला तेव्हा काय कळत होतं?

आमच्याकडे विस्तव म्हणजे बंब. अण्णा पहाटे परसात गोवरीचे तुकडे, नारळाच्या शेंड्या नि जरासं रॉकेल घालून तो पेटवायचे, धुराने डोळे लाल, आणि पाणी तापलं रे तापलं की तिथूनच आवाज, "आंघोळीला काय मुहूर्त काढायचाय?" कढत पाणी आणि बोलणी एकाच बादलीत.

परवा त्यांना ही कविता मराठीत सांगितली, अगदी बूट-पॉलिशसकट. नीट ऐकून घेतलं, मग म्हणाले, "लाकडं जाळायचा का कोळसा? लाकडं ओली असली ना की जीव जातो रे फुंकून फुंकून."