फळ्यावरचे प्रश्नचिन्ह

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत काय लिहावे, याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. १९८८ च्या दहावीच्या तुकडीतल्या कोणालाही विचारा, त्याला आमच्या विज्ञानाच्या सरांचा फळा हमखास आठवेल. १८४० पासून नाशिककरांना वाचायची गोडी लावणाऱ्या सार्वजनिक वाचनालयातून, म्हणजे आपल्या ‘सावाना’तून, सर पुस्तके आणीत आणि त्यांतली एखादी वन्य प्राण्याविषयीची नवलाची गोष्ट फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवीत. मात्र त्यांचा एक दंडक होता. गोष्टीखाली तिचे कारण लिहायचे. कारण ठाऊक नसेल तर तिथे ठळक प्रश्नचिन्ह काढायचे आणि फळा पुसताना ते तसेच राहू द्यायचे. नुसते ‘अबब!’ म्हणून सोडून दिलेली गोष्ट सरांच्या लेखी अर्धीच सांगितलेली असे.

जिराफाच्या मानेत सातच मणके असतात, आपल्या मानेत असतात तितकेच आणि उंदराच्या मानेतही तितकेच, हे त्यांनी लिहिले त्या दिवशी अख्खा वर्ग स्वतःची मान चाचपत बसला होता. फरक एवढाच, की जिराफाचा एकेक मणका वीतभराहून लांब असतो. पण सर तेवढ्यावर थांबणारे नव्हते. इतक्या उंचावरच्या डोक्यापर्यंत रक्त चढवायचे म्हणून जिराफाचा रक्तदाब माणसाच्या सुमारे दुप्पट असतो, हे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, की मग पाणी पिण्यासाठी मान खाली घातल्यावर त्याला भोवळ का येत नाही? मानेतल्या शिरांमध्ये झडपा असतात आणि त्या रक्ताला उलटे डोक्याकडे येऊ देत नाहीत, हा कारणाचा एक भाग त्यांनी दुसऱ्या दिवशी आमच्याकडूनच काढून घेतला. सात मणक्यांच्या नियमाला तीन बोटांचा स्लॉथ अपवाद आहे आणि त्याच्या मानेत आठ-नऊ मणके असतात, हे मात्र त्यांनी परीक्षा झाल्यावरच सांगितले.

शहामृग वाळूत डोके खुपसतो, ही समजूत त्यांनी एका ओळीत निकालात काढली होती: जमिनीतल्या खळग्यात घातलेली अंडी तो चोचीने फिरवत असतो आणि लांबून पाहणाऱ्याला डोके गाडल्याचा भास होतो.

दूरच्या प्राण्यांपेक्षा आमच्या मुलुखातल्या प्राण्यांविषयीच्या समजुती खोडून काढताना सरांना अधिक मजा येत असे. पेठ तालुक्यातून शिकायला आलेल्या एका वर्गमित्राने एकदा साळिंदराचे काटे आणले होते. हातात घेतले तर ते दिसतात त्या मानाने अगदीच हलके लागत. काळे-पांढरे पट्टे, मधला भाग गुळगुळीत आणि टोक इतके तीक्ष्ण, की वहीचे पुठ्ठ्याचे वेष्टनही सहज भोसकले जाई. साळिंदर हे काटे बाणासारखे फेकून मारते, असे आम्ही सगळेच छातीठोकपणे सांगत होतो. सरांनी तोच काटा उचलून, तो स्वतःहून कसा उडेल, असे विचारले. काटा म्हणजे केसाचेच जाड आणि ताठ झालेले रूप आहे, त्यात फेकण्याची काहीही सोय नाही. साळिंदर संकटात सापडले की पाठ फिरवते, काटे उभारते आणि मागच्या मागे शत्रूवर धावून जाते. काटे मुळाशी सैल असल्याने शत्रूच्या अंगात रुतून राहतात. शेपटीवरचे काही काटे पोकळ असतात आणि ते हलवून खुळखुळाट करीत ते आधी इशाराही देते. बिचारे खवले मांजर तर मांजर नाहीच, शिवाय त्याला एकही दात नसतो. मुंग्या आणि वाळवी ते लांब जिभेने गिळते आणि त्याचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे बनलेले असतात.

सरांच्या फळ्यावर प्रश्नचिन्हांतच राहिलेल्या दोन गोष्टी मात्र माझ्या मनात घर करून बसल्या. इगतपुरीहून रेल्वेने ये-जा करणाऱ्या एका मुलाने सांगितले होते, की त्यांच्या घराच्या माळ्यावर रात्री उदमांजर येते आणि ते आले, की इंद्रायणीचा भात रटरटत असावा असा वास सुटतो. आम्ही त्याला वेड्यात काढले. सरांनी त्याची गोष्ट हसण्यावारी नेली नाही. ती फळ्यावर लिहिली आणि खाली प्रश्नचिन्ह काढले. पुढे कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांच्या कामाविषयी वाचताना मला तो मुलगा आठवला. वाघ झाडाझुडपांवर जो खुणेचा फवारा मारतो, त्यात त्यांना २-ॲसिटिल-१-पायरोलिन हा घटक सापडला होता आणि बासमतीचा सुवास नेमका त्याच घटकामुळे येतो! उदमांजराच्याच कुळातल्या बिंटुरॉंगच्या मुत्रातही हा घटक असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पंगतीत वाढल्या जाणाऱ्या भाताविषयी हे सारे बोलू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे आणि ते मला मान्य आहे.

दुसरे प्रश्नचिन्ह ऑस्ट्रेलियातल्या वोंबॅटचे. या गुबगुबीत प्राण्याच्या लेंड्या फाशांसारख्या चौकोनी पडतात, हे वाचून वर्गात जो हशा पिकला, तो शेजारच्या वर्गातल्या बाईंनी येऊन थांबवला. दगडांवर आणि ओंडक्यांवर हद्दीची खूण म्हणून ठेवलेल्या या लेंड्या घरंगळून जात नाहीत, हा त्यांचा उपयोग सर्वांना पटला. पण गोल आतड्यातून कोपरे असलेली वस्तू निघते कशी, हे कोणालाच सांगता येईना. त्याचे उत्तर २०१८ मध्ये पुढे आले. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया यांग आणि डेव्हिड हू यांनी, त्यांच्या सहकाऱ्यांसह, मेलेल्या वोंबॅटचे आतडे फुगवून पाहिले, तेव्हा त्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या भिंती सगळीकडे सारख्या लवचीक नसल्याचे दिसले. काही भाग ताठर आणि काही भाग सैल असल्यामुळे आतडे असमान आकुंचन पावते आणि आतला सुकत चाललेला ऐवज हळूहळू कडा-कोपऱ्यांचा होतो. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे इग नोबेल पारितोषिक त्यांना २०१९ मध्ये मिळाले. सरांच्या फळ्याला शोभावे असेच हे पारितोषिक आहे.

आता मी निफाड तालुक्यात द्राक्षबाग पाहतो आणि नवलाचा प्राणी, म्हणजे बिबट्या, रोज शेजारीच असतो. गोदाकाठचा ऊस वर्षभर उभा असतो. त्यात सावली आहे, पाणी आहे आणि वस्तीवरची कुत्री आहेत. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्यांनी खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. ज्यांनी कधी रान पाहिलेलेच नाही, अशा बिबट्यांच्या पिढ्या इथे उसातच जन्मल्या आहेत. त्यामुळे माणसांचे आणि जनावरांचे जे जीव जातात, ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही आणि रात्री पाण्याची पाळी द्यायला जाताना माझ्याही छातीत धडधडते.

ऊसतोड सुरू झाली की बछडी सापडतात. आमच्या शेजारच्या फडातही दोन सापडली. वनखात्याच्या माणसांनी हातमोजे घालून ती उचलली, तपासली आणि संध्याकाळी जिथे सापडली तिथेच द्राक्षाच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवली. बाजूला कॅमेरा लावला. रात्री आई आली. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर पाहिलेल्या चित्रफितीत तिने आधी क्रेट हुंगला, पंजाने कलंडवला आणि एकाची मानगूट तोंडात धरून ती निघून गेली. बऱ्याच वेळाने दुसऱ्यासाठी परत आली. दिवसभर फिसकारणारे ते पिल्लू मानगूट धरताक्षणी पाय पोटाशी घेऊन अगदी निमूट झाले.

ते असे निमूट का होते, हा प्रश्न सरांच्या विद्यार्थ्याला पडणारच. बिबट्यांवरचे उत्तर माझ्या वाचनात आले नाही, पण २०१३ मध्ये जपानमधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांची पिल्ले आणि माणसांची तान्ही बाळे यांची तुलना करून दाखवले, की आईने उचलून चालायला सुरुवात केली, की दोघांचीही हालचाल थांबते, रडणे कमी होते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. आईला पिल्लू नेणे त्यामुळे सोपे जाते. मी हे वस्तीवरच्या आजींना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “मांडीवर किरकिरणारं पोर कडेवर घेऊन अंगणात फिरवलं की गप होतं, हे सांगायला जपानातून माणसं कशाला आणायची रे?”